कोंबडीच्या पंखाखालची बदके

बदकाच्या पिल्लांविषयी बोलावयाचे ठरले, तेव्हा आमच्या एका स्नेह्यांनी काळजीने विचारले, "पत्रिका छापून झाली का? नसेल तर अजून विषय बदलता येईल." त्यांची काळजी अगदीच अनाठायी होती असे नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यास वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला. तेव्हापासून अशा व्यासपीठांवर स्वराज्य, समाजसुधारणा, अर्थकारण, अध्यात्म असे भारदस्त विषय येत गेले. त्या पंक्तीत बदकास पान मांडावयाचे म्हणजे जरा धाडसच. तरी आम्ही विषय बदलला नाही. गेल्या पावसाळ्यात या लहानशा पक्ष्याने आम्हांस एक धडा दिला, आणि त्या धड्यास दोन हजार वर्षांचा इतिहास आहे हे आम्हांस मागाहून कळले. तो इतिहास आज आपल्यापुढे ठेवावा, एवढाच आमचा हेतू.

प्रथम आपल्या मुलुखाविषयी दोन शब्द. पेण आणि रोहा ही दोन्ही गावे पाण्याच्या काठची. पण दोघांचे पाणी वेगळे. पेणची भोगावती थोड्याच अंतरावर खाडीस मिळते. पलीकडे वाशी, वढाव, शिर्की, दादर असा खारेपाट पसरलेला. तेथे समुद्राला बांध घालून पिढ्यान्‌पिढ्या भात पिकविले गेले. उधाणात बांधाला खांड पडली की एका रात्रीत शेताचे खाजण होते, आणि ते पुन्हा शेत व्हावयास वर्षे जातात. या जमिनींसाठी १९४८ साली मुंबई प्रांतात स्वतंत्र कायदा करावा लागला, यावरून प्रश्नाची थोरवी कळेल. रोह्याची कुंडलिका मात्र उन्हाळ्यातही वाहती असते. भिऱ्याच्या वीजकेंद्रातून १९२७ पासून सुटणारे पाणी तिला मिळते. तेव्हा पेणला पावसात पाणीच पाणी, वैशाखात तळी आटलेली किंवा मचूळ. आणि रोह्यास बारमाही गोडे पाणी. बदक पाळणाराला हा फरक लौकर कळतो.

एवढे पाणी असूनही बदक हा आपल्याकडचा जुना व्यवसाय नव्हे. केरळातील कुट्टनाड, बंगाल, आसाम येथे बदकांचे मोठमोठे कळप भातशेतांतून फिरतात. आपल्याकडे अंगणात कोंबडीच दिसते. आपला 'बदक' हा शब्ददेखील फारसी-अरबीच्या वाटेने आलेला. हिंदीतला 'बतख' त्याचा सख्खा भाऊ. संस्कृत कवींनी हंस गाइला, चक्रवाक गाइला, कारंडवासही जागा दिली. परंतु घरात पाळावयाच्या बदकाकडे कोणी फारसे वळून पाहिले नाही. म्हणून आपल्याकडे ज्याने प्रथमच बदक आणले, त्यास शेजारी विचारावयास जावे तर शेजाऱ्यालाही ठाऊक नसते. आमची गत नेमकी हीच झाली.

गेल्या वर्षी मृगाच्या तोंडावर आम्ही आठ पिल्ले आणली. दोन दिवसांची, पिवळी, मुठीत मावणारी. खोक्यात भाताचा पेंढा घातला, वर विजेचा दिवा टांगला, पाण्याची वाटी ठेवली आणि कणी टाकली. रात्री दहाच्या सुमारास पाहतो तो एक पिल्लू पालथे पडलेले. पाय मागे ताणलेले, मान सरळ पुढे टाकलेली, डोळे मिटलेले. आम्ही घाबरलो. त्याला उचलले, चोचीत पाणी घातले, चोळले, दिव्याजवळ धरले. ते तारस्वरात ओरडू लागले आणि त्याबरोबर उरलेली सातही. रात्रभर हाच क्रम चालला. एक निजले की आम्ही त्याला 'वाचवावे' आणि सर्वांनी आकांत करावा. पहाटे आम्ही रोह्याच्या आक्काला फोन केला. आक्का आमची थोरली बहीण. तिचे घर अष्टमीस, आणि बदके तिने आमच्या आधी दोन वर्षे पाळलेली. तिने सर्व ऐकून घेतले व म्हणाली, "अरे, झोपलंय ते. बदकाचं पिल्लू असंच झोपतं. तू झोप आता, आणि त्यालाही झोपू दे."

या उत्तराने आम्ही ओशाळलो, पण त्यातूनच पुढची जिज्ञासा निर्माण झाली. आठवड्याने आम्ही रोह्यास गेलो. आक्काने पिल्ले विकत आणली नव्हती. बदकाची सहा अंडी तिने खुडूक कोंबडीखाली ठेवली होती. कोंबडीचे अंडे एकवीस दिवसांत फुटते, बदकाचे अठ्ठावीस. बिचारी कोंबडी आपल्या हिशेबाहून आठवडाभर अधिक बसली. आक्का अधूनमधून अंड्यांवर कोमट पाणी शिंपडी, कारण बदकी पाण्यातून ओल्या अंगाने येऊन बसते आणि तो ओलावा अंड्यांना लागतो. पाच पिल्ले निघाली. कोंबडी त्यांना घेऊन परसात हिंडू लागली. ती माती उकरी, दाणा दाखवी, हाक मारी. पिल्ले तिच्याकडे येत, पण त्यांचे चित्त डबक्यात. आम्ही गेलो त्या दिवशी पाऊस पडून गेला होता. परसातल्या खळग्यात पाणी साचले होते. पिल्ले सरळ त्यात शिरली. कोंबडी काठावरून इकडून तिकडे धावत होती, पंख फुलवून ओरडत होती. आणि पिल्ले मजेत तरंगत होती. मासळीच्या पोराला पोहावयास शिकवावे लागत नाही असे आपण म्हणतो. पण ज्या आईला पोहणे म्हणजे बुडणेच वाटते, तिची अवस्था आम्ही त्या दिवशी प्रथमच पाहिली.

हे दृश्य आम्हांस नवे होते. इतिहासास नवे नव्हते. इसवी सनापूर्वी ४५ साली रोमन पंडित सिसेरो याने देवांच्या स्वरूपाविषयी एक संवादग्रंथ लिहिला. त्यात एक तत्त्वज्ञ सृष्टीतील योजना सिद्ध करताना नेमका हाच दाखला देतो. बदकाची अंडी आपण कोंबडीखाली ठेवतो, पिल्ले प्रथम तिलाच आई मानतात, पण पाणी दिसताच तिला सोडून जातात. कारण निसर्गाने प्रत्येकास स्वतःचे रक्षण करण्याची बुद्धी दिली आहे, असा त्याचा युक्तिवाद. पुढच्या शतकात कोलुमेला नावाच्या रोमन शेतकी लेखकाने हीच युक्ती व्यवहारात सांगितली. पाणथळीतून रानबदकांची अंडी आणावीत, कोंबडीखाली उबवावीत. अशी वाढलेली पिल्ले रानटीपणा सोडतात, असे तो म्हणतो. म्हणजे एकाच कोंबडीच्या पंखाखालून दोघांनी दोन उलट निष्कर्ष काढले. एक म्हणतो, जात बदलत नाही. दुसरा म्हणतो, संगतीने स्वभाव बदलतो. गंमत अशी की दोघेही आपापल्या परीने बरोबर होते. हा वाद मिटावयास मात्र एकोणीस शतके लागली.

तो मिटविण्याची पहिली खरी पायरी डग्लस स्पॉल्डिंग या इंग्रज संशोधकाने चढली. युक्तिवाद बाजूस ठेवून त्याने प्रयोग केले. कोंबडीच्या नुकत्याच निघालेल्या पिल्लांच्या डोळ्यांवर टोप्या घालून त्याने त्यांना काही काळ जग पाहू दिले नाही, आणि टोपी काढल्यावर ती काय करतात ते टिपून ठेवले. १८७३ साली त्याने प्रसिद्ध केले की पिल्लू प्रथम जे हलताना पाहते त्याच्यामागे जाते. मात्र ही वेळ टळली की तेच पिल्लू त्याच वस्तूस भिऊन पळते. स्पॉल्डिंग १८७७ साली वारला आणि त्याचे काम विसरले गेले. ते १९५४ साली पुन्हा छापून प्रकाशात आणले जे. बी. एस. हाल्डेन यांनी. हे हाल्डेन पुढे १९५७ साली भारतात आले, १९६१ साली भारताचे नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वर येथे त्यांनी देह ठेवला.

मधल्या काळात जर्मनीत ऑस्कर हाइनरोथ याने १९११ साली कलहंसांच्या पिल्लांबाबत असेच पाहिले होते, आणि ऑस्ट्रियातील कोनराड लोरेन्झ याने १९३५ साली या घटनेस शास्त्रात पक्के स्थान दिले. आपण तिला 'ठसा उमटणे' म्हणू. लोरेन्झची बदकांची हकीकत तर मोठी रंजक आहे. कलहंसाचे पिल्लू माणसास सहज आई मानी. रानबदकाचे पिल्लू मात्र त्याला पाहताच कोपऱ्यात दडे. बदकी पिल्लांशी सारखी बोलत असते हे ध्यानात घेऊन त्याने स्वतः बदकीचा आवाज काढावयास आरंभ केला. पिल्ले मागे येऊ लागली. पण तो उभा राहिला की थांबत, कारण एवढी उंच आई त्यांच्या हिशेबात बसत नव्हती. तेव्हा हे गृहस्थ उकिडवे बसून, वाकून, क्वॅक क्वॅक करीत आपल्या बागेत चालत राहिले. उंच गवतात पिल्ले दिसत नव्हती. कुंपणापलीकडून लोकांना दिसत होता तो केवळ एक दाढीवाला माणूस, बदकासारखा ओरडत फिरणारा. पुढे १९७३ साली त्यास नोबेल पारितोषिक मिळाले.

येथे इतिहासाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. हाच लोरेन्झ १९३८ साली नाझी पक्षात शिरला. पाळीव पशुपक्षी रानातल्यांच्या मानाने हीन होत जातात, तसा सुधारलेला मनुष्यही होतो, असे त्याने १९४० साली लिहिले आणि ते त्या राजवटीच्या वंशशुद्धीच्या विचारास उपयोगी पडले. पुढे त्याने याबद्दल खेद व्यक्त केला. बदकाच्या कुंपणापाशी उत्तम पाहणारा डोळा माणसाच्या वस्तीत आला की आंधळा होऊ शकतो, हे आपण विसरू नये. पिल्लावरून पिल्लाविषयी बोलावे. त्यावरून माणसांच्या जातीपातीचे निकाल देऊ नयेत.

वादाचा शेवट अमेरिकेत झाला. एकहार्ड हेस याने दाखविले की रानबदकाच्या पिल्लावर हा ठसा अंड्यातून निघाल्यानंतर तेराव्या ते सोळाव्या तासात सर्वांत खोल उमटतो. त्यानंतर गिल्बर्ट गॉटलीब याने आणखी मागे, थेट अंड्याच्या आत पाहिले. पिल्लू अंडे फोडण्याच्या काही दिवस आधीपासून आतल्या आत आवाज करू लागते. शेजारच्या अंड्यांतील भावंडांचाही आवाज त्याला ऐकू येतो. नुकतेच निघालेले पिल्लू, आई कधी पाहिली नसली तरी, कोंबडीची हाक सोडून बदकीच्याच हाकेकडे जाते. हा जन्मजात गुण म्हणावा, तर गॉटलीबने अंड्यातच पिल्लांचा आवाज बंद केला व त्यांना एकएकटी ठेवले. अशा मुक्या पिल्लांस बदकीची हाक आणि कोंबडीची हाक यांतला भेद कळेनासा झाला. म्हणजे ज्यास आपण उपजत म्हणत होतो, तेही स्वतःच्या व भावंडांच्या आवाजाच्या शाळेत शिकलेले निघाले. सिसेरो आणि कोलुमेला यांच्यातील भांडणास हे उत्तर: स्वभाव आणि संस्कार अशा दोन वेगळ्या कोठ्या नाहीत, एकाच कवचाच्या आत दोन्ही एकमेकांना घडवीत असतात.

आता आमच्या खोक्याकडे परत येऊ. एवढा इतिहास वाचून झाल्यावर आमच्या पिल्लांचे वागणे निराळे दिसू लागले. ज्यांना प्रथमच बदके पाळावयाची असतील, त्यांच्यासाठी ते थोडक्यात सांगतो.

एकटे पडलेले पिल्लू जिवाच्या आकांताने ओरडते. भावंडे दिसताच क्षणात गप्प होते. हा आजार नव्हे, ही हाक आहे. म्हणून एकटे पिल्लू पाळू नये. सगळी दिव्याखाली एकावर एक चढून बसली तर त्यांस थंडी वाजते आहे. दिव्यापासून दूर पसरून चोच उघडी ठेवून धापा टाकू लागली तर उकडते आहे. आणि इकडे तिकडे सुखाने विखुरलेली, हलक्या आवाजात कुजबुजणारी असतील तर ऊब ठीक आहे. पहिल्या आठवड्यात सुमारे ३२ अंश सेल्सिअस ऊब लागते. पुढे आठवड्यास तीन अंशांनी कमी करावी. पिल्लांसारखा तापमापक दुसरा नाही.

प्रत्येक घासाबरोबर पिल्लू पाण्याकडे धावते, चोच बुडविते, नाकपुड्या धुते, आणि सारे खोके चिखल करून टाकते. आम्ही प्रथम वैतागून पाणी काढून घेतले. ही चूक होय. पाण्यावाचून कोरडे खाद्य त्याच्या घशात अडकते. पाणी इतके खोल असावे की त्यात सगळी चोच बुडेल, आणि इतके उथळ की पिल्लू बुडणार नाही. आईविना वाढणारे पिल्लू पाण्यात फार वेळ राहिले तर भिजून गारठते. पोहता येते म्हणून पहिल्याच दिवशी तळ्यात सोडू नये. शिवाय खारेपाटातल्या तळ्यांत जिताडा पाळलेला असतो, आणि काठावर मुंगूस व आकाशात घार असतेच.

मान एका बाजूस वळवून, एक डोळा आभाळाकडे लावून पिल्लू स्तब्ध उभे राहिले, तर मान आखडली असे समजू नये. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंस आहेत. वर पाहावयाचे तर मान वाकडी करावीच लागते. ते घारीवर लक्ष ठेवीत असते. एकदम सगळी पंखांचे खुंट हालवीत धावत सुटतात, ठेचकाळतात, पुन्हा धावतात. तो आनंद आहे. शेपटीच्या मुळाशी चोच नेऊन मग सर्वांगावर घासतात, ती तेलाची पिशवी होय. बोटे, बटणे, धोतराचा काठ, सर्व चोचीत धरून चघळून पाहतात. चोच हेच त्यांचे बोट. सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास आवाज फुटतो. माद्या मोठ्याने क्वॅक करू लागतात, नरांचा आवाज घोगरा होतो. आमच्या शेजाऱ्यांनी तेव्हा नरांना सर्दीचा काढा सुचविला होता. गरज नव्हती.

हे सारे नेहमीचे. मग बिघडलेले कोणते? येथे आमची चूक सांगणे प्राप्त आहे.

आठ पिल्लांपैकी एक फार गुणी होते. ते ओरडत नसे, पाणी उडवीत नसे, इतरांसारखे धावत नसे. हातात घेतले तर स्वस्थ बसे. घरी येणाराजाणारास आम्ही तेच उचलून दाखवीत असू. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी आमच्या ध्यानात आले की ते चालताना बसते, आणि इतर वाढली तसे ते वाढलेले नाही. तिसऱ्या आठवड्यात त्याचे पाय वाकले. पशुवैद्यांनी पाहून एकच प्रश्न विचारला, "कणीवर वाढवलंत का?" आम्ही होय म्हटले. त्यांनी औषध दिले, पण उशीर झाला होता. पिल्लू दुसऱ्या दिवशी गेले. गडबड करणारी सात निरोगी होती आणि आम्ही त्यांच्यावर उपचार करीत होतो. शांत होते ते मरत होते आणि आम्ही त्याचे कौतुक करीत होतो.

पेण हा भाताचा मुलुख. पांढरी स्वच्छ कणी म्हणजे उत्तम अन्न, असे आपण समजतो. पण या समजुतीचाही इतिहास आहे. १८९० च्या सुमारास जावा बेटावर बटाव्हिया येथे आइकमान नावाचे डच वैद्य बेरीबेरी या रोगाचे कारण शोधीत होते. त्यांच्या कोंबड्यांचे पाय एकाएकी लुळे पडले, आणि मग त्या आपोआप बऱ्याही झाल्या. चौकशीअंती कळले की मधल्या काळात कोंबड्यांना रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातला पांढरा सडलेला तांदूळ घातला जात होता, आणि नव्या आचाऱ्याने तो बंद केला होता. तांदळाच्या ज्या कोंड्यास आपण टाकाऊ मानतो, त्यातच पायांचे बळ होते. या शोधातून जीवनसत्त्वांचे शास्त्र उदयास आले आणि १९२९ साली आइकमान यांस नोबेल पारितोषिक मिळाले. कोंबड्यांना उणे पडले होते ते थायमिन. बदकाच्या पिल्लास याच गटातले नियासिन कोंबडीच्या पिल्लाहून बरेच अधिक लागते. ते उणे पडले की पाय वाकतात आणि वाढ खुंटते. म्हणून केवळ कणीवर बदक वाढवू नये. यीस्ट, थोडी सुकी मासळी, हिरवा पाला, आणि मिळाल्यास बदकांसाठीच केलेले खाद्य द्यावे. आमच्या उरलेल्या सात पिल्लांना यीस्ट व जवळा सुरू केला आणि ती तगली.

आणखी एक सावधगिरी, आणि ती पिल्लांपुरती नाही. कोंकणच्या पावसाळ्यात घरात ठेवलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीस बुरशी येते. माणसास नको म्हणून ती पाखरांना घालण्याची आपल्याकडे सवय. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्कीची पिल्ले मेली, त्यांच्यासोबत बदकांचीही. कारण सापडेना, म्हणून रोगाचे नाव अज्ञाताचे चिन्ह लावून ठेवले गेले. अखेर ते ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीत सापडले. त्या पेंडीवरच्या बुरशीने विष तयार केले होते, तेच अफ्लाटॉक्सिन. एक दिवसाचे बदकाचे पिल्लू या विषास इतके नाजूक की पुढे पुष्कळ वर्षे शास्त्रज्ञांनी त्याच्यावरच विषाची परीक्षा केली. आणि हे विष पाखरांपुरते थांबले नाही. १९७४ साली गुजरात व राजस्थानच्या आदिवासी भागांत पावसात भिजून बुरसलेला मका खाऊन शंभराहून अधिक माणसे दगावली. ज्यांच्याजवळ दुसरे धान्य नव्हते, त्यांनीच तो खाल्ला होता. बुरसलेला दाणा पाखराला घालावा असा विचार पुन्हा मनात आला, तर हे स्मरावे.

श्रोतेहो, आता शेवटाकडे येतो. पक्ष्यांचे वागणे धीराने पाहण्याची परंपरा केवळ ऑस्ट्रियात नव्हती. ती आपल्या जिल्ह्यातही झाली. १९३० साली, जेव्हा या जिल्ह्याचे नाव कुलाबा होते, अलिबागजवळ किहीम येथे सलीम अली राहत होते. हातात नोकरी नव्हती. घराजवळच सुगरणींची वसाहत होती. त्यांनी पावसाळाभर ती घरटी पाहिली आणि दाखवून दिले की नर अर्धवट घरटे बांधतो, मादी येऊन ते पारखते, पसंत पडले तर राहते. आणि मग नर दुसऱ्या मादीसाठी दुसरे घरटे बांधावयास घेतो. शेतकऱ्यांच्या कितीएक पिढ्यांनी ती घरटी पाहिली होती, पण हे कोणी टिपले नव्हते. १९३१ साली ते प्रसिद्ध झाले आणि आपल्या किनाऱ्यावरचा एक पावसाळा जगाच्या शास्त्रात जाऊन बसला.

आपल्या खारेपाटास आज बदकांचा उपयोग होईल का, हा प्रश्न आम्हांस पुष्कळजण विचारतात. चीनमध्ये पर्ल नदीच्या मुखाशी मिंग राजवटीच्या काळात भातशेतातील लहान खेकडे खाण्यासाठी बदकांचे कळप सोडीत, अशा नोंदी आहेत. आपल्या बांधांनाही खेकडे बिळे करतात. जपानात गेल्या शतकाच्या अखेरीस भातशेतात बदके सोडून तण व किडी आवरण्याची पद्धत पुन्हा रुजली. रोह्यास बारमाही पाणी आहे. पेणला पावसाळा आहे. प्रयोग करून पाहण्यासारखा आहे खरा. पण समुद्राचा बांध बदके राखणार नाहीत; तो माणसांनी आणि सरकारनेच राखावा लागेल. आणि प्रयोग करणाराने आधी पिल्लू पाहावयास शिकावे, एवढीच आमची विनंती.

आक्काची कोंबडी पुढे काय झाली, हे सांगावयाचे राहिले. पहिले चार दिवस ती काठावर आकांत करी. पाचव्या दिवसापासून ती पाण्याशी येऊन उभी राही आणि पिल्ले बाहेर येईपर्यंत तेथेच माती उकरीत बसे. आक्का म्हणाली, "तिला पोहणं कळलं नाही रे. पण ती परत येतात, एवढं तिनं पाहून ठेवलं."

आम्ही त्या रात्री दिव्याखाली जे केले, त्याहून ही कोंबडी शहाणी.